पितळी कडं

श्रोतेहो, आपलं नाशिक तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. पण पितळेचं मोल मला कळलं ते सातपूरच्या एका गॅरेजमध्ये. १९६५ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार दुरुस्तीला आली होती. दुसरा गिअर टाकताना खरखर व्हायची. या गाडीचा गिअरबॉक्स इंजिनासकटच बाहेर काढावा लागतो. उघडला, तर गिअरचे दात शाबूत. झिजलं होतं सिंक्रोचं पितळी कडं. गिअर जुळण्याआधी स्वतः घासून घेत गिअर आणि शाफ्टचा वेग सारखा करणं, हे त्याचं काम. मी घाईत जुनंच कडं बसवलं. खरखर कायम! इंजिन पुन्हा उतरवलं. वस्ताद एवढंच म्हणाले, “अरे, दात वाचले ते या कड्यामुळे.”

आपल्या घरातही असं कुणीतरी झिजत असतं. खरखर सुरू होण्याआधीच त्याची विचारपूस करू या.