कलावंताचा घाम आणि कलेचा दाम
(समाजातील कलावंतांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



कलेवर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही बँकेतील कारकून. पण काउंटरमागे बसून इतकी वर्षे एक गोष्ट पाहत आलो आहोत. किराणा दुकानदार असो की रिक्षावाला, त्याला आपल्या धंद्याचा हिशेब तोंडपाठ असतो. कलावंताला मात्र विचारावे, "या चित्राला खर्च किती आला?" तर तो हसून म्हणतो, "साहेब, कलेचे काय मोल करणार?" वाक्य ऐकायला गोड आहे. महिनाअखेरीस त्याच्या घरी ते तितके गोड लागत नसावे.

आपल्या समाजात कलावंताला टाळ्यांची वाण नाही. जयंती आली की गायक पाहिजे, विहार बांधले की मूर्ती पाहिजे. पैशाचा विषय निघाला की "समाजाचे काम आहे" हे उत्तर तयार असते. मंडपवाला आणि लाउडस्पीकरवाला यांनीही समाजाचेच काम केलेले असते, पण त्यांचे बिल आधी चुकते होते! दान जरूर द्यावे. मात्र पावतीवर पूर्ण किंमत लिहावी आणि त्याखाली "पैकी दान" म्हणून रक्कम वजा दाखवावी. म्हणजे दानाला दान म्हटले जाईल आणि पुढच्या वर्षी तीच वजा केलेली रक्कम तुमचा दर म्हणून कोणी सांगणार नाही.

किंमत कशी काढावी? समजा एका चित्राला कॅनव्हास व रंग 1,800 रुपये, फ्रेम 900, येणे-जाणे 300 आणि सहा दिवसांची मजुरी रोज 700 प्रमाणे 4,200 रुपये. एकूण 7,200. मजुरी धरायला लाजू नका. गवंडी लाजत नाही. आता हे चित्र दुकानात ठेवले आणि दुकानदार विक्रीचा एक तृतीयांश घेणार असेल, तर पुष्कळजण 7,200 मध्ये त्याचाच तिसरा हिस्सा मिळवून 9,600 किंमत लावतात. दुकानदार मात्र 9,600 चा तिसरा हिस्सा, म्हणजे 3,200 कापतो. हाती उरतात 6,400. आठशे रुपये घरचे गेले. किंमत 10,800 लावली तरच 7,200 पदरात पडतात. आणि हा झाला फक्त खर्च. नफा अजून मिळवायचाच आहे.

विकायचे कोठे? मुंबईत जहांगीर आर्ट गॅलरी 1952 साली सुरू झाली. तेथे प्रदर्शन व्हावे असे प्रत्येक चित्रकाराला वाटते, त्यात गैर नाही. पण तिच्या बाहेरच्या फूटपाथवरही चित्रे विकली गेली आहेत, हे विसरू नये. आपल्याजवळ तर याहून मोठा बाजार आहे. 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आपला माणूस भाकरी बांधून येतो आणि परत जाताना पुस्तक, कॅलेंडर, मूर्ती घेऊन जातो. असा ग्राहक कोणत्या गॅलरीला मिळाला आहे? अडचण इतकीच की तो दोन-तीन दिवसांनी पांगतो. म्हणून प्रत्येक ग्राहकाचे नाव, गाव आणि फोन नंबर, त्याला विचारून, वहीत उतरवून घ्या. व्हॉट्सॲपवर वर्षातून चार वेळा नव्या कामाचे छायाचित्र पाठवा. रोज पाठवू नका, लोक कंटाळतात. मोठ्या चित्रासोबत छापील लहान प्रतीही ठेवा. दहा हजारांचे चित्र पाहणारे शंभर असतील तर शंभराची प्रत घेणारे त्यांच्यातच असतात.

आता सर्वांत महत्त्वाचे. वस्तू विकली म्हणजे हक्क विकला असे नव्हे. मूर्ती विकत घेणाऱ्याला तिच्यावरून साचा काढून शंभर मूर्ती विकता येत नाहीत. तो हक्क मूर्तिकाराचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याने हा हक्क कलाकृती निर्माण होताच मिळतो, नोंदणी केलीच पाहिजे असे नाही. पण एक मेख आहे. कोणी मोबदला देऊन चित्र काढून घेतले आणि वेगळे काही ठरले नसेल, तर त्या चित्राचा कॉपीराइट काढून घेणाऱ्याकडे जातो. उद्या त्याने त्याची कॅलेंडरे छापली तर तुम्ही हात चोळीत बसाल. म्हणून ऑर्डर घेतानाच एक ओळ लिहून घ्या: "चित्राचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील." गायक-कवींनीही ध्यानात ठेवावे की हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखीच करावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. कॅसेटच्या काळात किती कागदांवर न वाचता सह्या झाल्या असतील, कोण जाणे. आपल्या शाहिरांनी तर कायद्याच्या आधीच उपाय शोधला होता, शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफण्याचा. वामनदादा कर्डकांच्या गाण्यात "वामन" येतो तो असा. मोबाइलवर टाकताना नेमके तेच कडवे कापले जाते, ही गोष्ट आम्हाला फार लागते.

व्यवहाराचे थोडके सांगतो. निम्मा इसार हातात पडल्याशिवाय काम सुरू करू नये. क्यूआर कोड जरूर लावा, पण गर्दीत ग्राहकाच्या मोबाइलवरील चित्र पाहून माल देऊ नका. आपल्या खात्यात रक्कम आल्याचा संदेश पाहा. पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. जो टाकायला सांगेल तो ठग समजा. विक्रीचे पैसे खात्यातून फिरू द्या, कारण कर्ज मागायला आलात की आम्ही प्रथम तेच पाहतो. 2023 साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत मूर्तिकारांसाठी तारणाशिवाय पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत कर्जाची तरतूद झाली. चित्रकारांना तिच्यात जागा मिळाली नाही, हे आम्हाला खटकते.

पावतीचा आणि ऑर्डरच्या कराराचा मराठी नमुना आम्ही छापून आणला आहे. पन्नासच प्रती आहेत. चहाच्या वेळी घेऊन जाव्यात आणि ज्यांच्याजवळ जुने करार असतील त्यांनी ते येत्या रविवारी मंडळाच्या कार्यालयात आणावेत. बसून वाचू. जयभीम.