सवयीचा ताप

रोवणीच्या दिवसांत दुपारी घटकाभर टेकायला मिळतं, तेवढ्यात हे बोलणं ऐकून घ्या. आम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावच्या बचत गटातल्या बाया. आज बोलणार आहोत हिवतापाबद्दल, म्हणजे मलेरियाबद्दल. पाणी साचू देऊ नका, मच्छरदाणी लावा, हे तुम्ही पुष्कळदा ऐकलं आहे. आज आपण डास चावल्यानंतर आपल्या अंगात काय होतं ते पाहू. ते ठाऊक नसल्यामुळे आमच्याच गटात एक चूक झाली, म्हणून हा विषय घेतला.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्यातल्या एकीची सून वर्धेकडची. पहिलटकरीण, पाचवा महिना. एका संध्याकाळी तिला हुडहुडी भरली, मग ताप चढला, रात्री घाम येऊन उतरला. सासू म्हणाली, "आमच्याकडे हे दर वर्षाचंच आहे. आम्हाला सवय आहे. अंगात ताकद असली की जातो निघून." आम्हीही माना डोलावल्या. कोणी काढा करून दिला, कोणी पांघरूण आणलं. चौथ्या दिवशी तिला उभं राहवेना, तेव्हा आशाताईंना बोलावलं. त्यांनी बोटाला सुई टोचून किटवर रक्त तपासलं. मलेरिया निघाला, आणि तोही फाल्सिपेरम, म्हणजे जास्त धोक्याचा. तिला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. सासूला ताप नव्हता, साधी कणकण नव्हती. सकाळीच बांधीतला चिखल तुडवून आली होती. तिच्याही रक्तात तेच जंतू निघाले.

एकच घर, एकच जंतू. एक अंथरुणाला खिळलेली, दुसरी रोवणीला जाणारी. असं का? आम्ही डॉक्टर बाईंना खोदून खोदून विचारलं. त्यांनी समजावलं ते आमच्या भाषेत सांगतो.

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात आणि पांढऱ्या पेशी असतात. तांबड्या पेशी श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवतात. पांढऱ्या पेशी राखण करतात. गावात कोणी गस्त घालतो, कोणी चोराला पकडतो, कोणी चोराचं तोंड लक्षात ठेवतो, तशी त्यांचीही कामं वाटलेली असतात.

मलेरियाच्या डासाची मादी चावली की तिच्या लाळेतून थोडे जंतू आपल्या अंगात येतात. तासाभराच्या आत ते यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये जाऊन लपतात. तिथे साधारण आठवडाभर ते वाढतात. एका जंतूचे हजारो होतात. या काळात ना ताप, ना डोकेदुखी. मग ते सगळे रक्तात उतरतात आणि पाहता पाहता तांबड्या पेशींमध्ये शिरतात.

खरी मेख इथे आहे. आपल्या अंगातल्या बहुतेक पेशींमध्ये चोर शिरला तर ती पेशी आपल्या दारावर खूण लावते. ती खूण पाहून पांढऱ्या पेशींमधल्या मारेकरी पेशी येतात आणि चोरासकट ती पेशी संपवतात. तांबड्या पेशीला मात्र ती खूण लावता येत नाही. म्हणून जंतू तिथे निवांत राहतो, पेशीतलं रक्तद्रव्य खातो आणि वाढतो. फाल्सिपेरमच्या बाबतीत सुमारे ४८ तासांनी ती तांबडी पेशी फुटते. पंधरा-वीस नवे जंतू बाहेर पडतात आणि नव्या पेशी गाठतात.

पेशी फुटते तेव्हा जंतूची घाणही रक्तात सांडते. ती दिसली की गस्तीवरच्या पांढऱ्या पेशी ती गिळू लागतात आणि हाकारा देतात. हा हाकारा म्हणजे काही रसायनं. ती रक्तातून मेंदूपर्यंत पोचतात आणि मेंदू अंगाची उष्णता वाढवतो. आधी थंडी वाजते, मग ताप चढतो. म्हणजे थंडीताप हा आपल्याच राखणदारांचा आरडाओरडा असतो. पण आरडाओरडा झाला म्हणजे चोर पळाला, असं होत नाही. ताप घाम येऊन उतरला तरी जंतू नव्या पेशींत जाऊन बसलेले असतात.

आता पाणथरी. डाव्या बरगडीखाली असते ती. तिला रक्ताचं सूप समजा. आपण तांदूळ पाखडून खडे वेगळे काढतो, तशी ती रक्त पाखडून बिघडलेल्या तांबड्या पेशी वेगळ्या काढते. तिथल्या पांढऱ्या पेशी त्या गिळून टाकतात. मलेरिया वारंवार झाला की हे काम वाढतं आणि पाणथरी सुजून मोठी होते. आपल्या जुन्या बाया पोराच्या पोटाला हात लावून "पाणथरी वाढली" म्हणायच्या, ती हीच.

फाल्सिपेरम मात्र फार लबाड. आपल्याला सुपात जायचंच नाही, म्हणून तो तांबडी पेशी चिकट करून ठेवतो. ती बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते. मेंदूतल्या वाहिन्या अशा तुंबल्या तर माणसाला झटके येतात, शुद्ध हरपते, जीवही जातो. अशा वेळी राखणदारांचा हाकारा हाताबाहेर गेला तर त्यानेही अंगाचं नुकसान होतं. म्हणून ताप म्हणजे अंग लढतं आहे, लढू द्या, असं म्हणून बसून राहायचं नसतं.

पांढऱ्या पेशींमधल्या काही पेशी शिकतात. एकदा पाहिलेल्या जंतूला ओळखून त्याला धरणारे बारीक कण तयार करतात. त्यांना प्रतिपिंडं म्हणतात. त्यांचा उपयोग होतो हे १९६१ साली आफ्रिकेतल्या गांबिया देशात दिसलं. तिथल्या मोठ्या माणसांना लहानपणापासून मलेरिया होत आलेला. त्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं काढून मलेरियाने आजारी असलेल्या लेकरांना टोचली, तर लेकरांच्या रक्तातले जंतू कमी झाले.

मग गोवरासारखा हा आजार एकदा होऊन कायमचा का जात नाही? कारण हा जंतू लुगडी बदलतो. त्याच्या पेटीत साठेक लुगडी आहेत असं समजा. राखणदारांनी एक लुगडं ओळखेपर्यंत तो दुसरं नेसून हिंडतो. सगळी ओळखायला वर्षानुवर्षं जातात, तीही पुन्हा पुन्हा आजारी पडून. तेवढं करूनही ओळख अर्धीच असते, आणि मलेरिया नसलेल्या ठिकाणी काही वर्षं राहिलं की तीही पुसट होत जाते. कामाला मुंबई-पुण्याला जाऊन परतलेल्या पोरांनी हे ध्यानात ठेवावं.

आता सासूचं कोडं सुटतं. तिच्या राखणदारांनी आयुष्यभरात बरीच लुगडी ओळखली होती. त्यांनी जंतू वाढू दिले नाहीत, म्हणून ताप आला नाही. पण त्यांना तो पुरता निपटताही आला नाही. तिला सवय झाली होती हे खरं, पण त्या सवयीने घरातलं बाकी कोणी वाचत नव्हतं. तिला चावलेल्या डासाच्या पोटात तो जंतू दहा-पंधरा दिवस वाढतो आणि मग तोच डास शेजारी निजलेल्या सुनेला चावू शकतो.

सुनेचे राखणदार नवखे. त्यात ती पोटुशी. गरोदरपणात वार तयार होते, बाळाला अन्नपाणी देणारी. फाल्सिपेरमला ती चिकटून बसायला नवी जागा मिळते. तिथे तो एक वेगळंच लुगडं नेसतो, जे पहिलटकरणीच्या अंगाने आधी कधी पाहिलेलंच नसतं. तो वारेत साठतो, आईचं रक्त कमी होतं आणि बाळाला पोषण कमी पडतं. आफ्रिकेत जिथे मलेरिया फार, तिथे पुढच्या खेपांना बायांचं अंग हे लुगडं ओळखू लागतं. आपल्याकडे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या खेपेची बाईही बिनधास्त राहू शकत नाही.

पांढऱ्या पेशींना आधीच शिकवून ठेवणारी लस आता निघाली आहे. ऑक्सफर्ड विद्यापीठाने तयार केलेली अशी एक लस आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि ती आफ्रिकेतल्या लेकरांना दिली जाते. आपल्या बाळांच्या नेहमीच्या लसींमध्ये ती नाही. तोवर आपलं काम आपल्यालाच करायचं आहे.

ते काम असं. ताप आला की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, रक्त तपासून घ्या. पोटुशी बाई आणि लहान लेकरू असेल तर तासभरही वाट पाहू नका. झटके आले, शुद्ध हरपली, लघवी काळसर झाली, तर थेट दवाखाना गाठा. ताप उतरला तरी गोळ्या पुऱ्या करा. व्हायवॅक्स जातीचा मलेरिया यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनी उठतो. तिथे राखणदारांचा हात पोचत नाही. त्यासाठीच प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस देतात. या गोळ्या पोटुशा बाईला आणि तान्ह्या बाळाला चालत नाहीत, म्हणून उरलेल्या गोळ्या एकमेकींना देऊ नका. घरात एकाला मलेरिया निघाला, तर ताप नसला तरी बाकीच्यांनी बोट पुढे करायला लाजू नये.

आमच्या मैत्रिणीची सून बरी झाली. दिवस भरल्यावर मुलगी झाली, दोन किलो तीनशे ग्रॅमची. त्या तापामुळेच वजन कमी भरलं असं ठाम सांगता येत नाही, असं डॉक्टर बाई म्हणाल्या. तरी ते तीन दिवस आम्हाला अजून बोचतात. मुलगी आता बाळसं धरते आहे. सासूने पाळण्याला मच्छरदाणी शिवली आहे, आणि कोणाच्या घरी हुडहुडी भरली असं कानावर आलं, की आशाताईंकडे पहिली तीच जाते.