बारा फोटोंचा गृहपाठ

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं, "तुझ्या फोटोग्राफीबद्दल अर्धा तास बोल." ते ऐकून काल रात्री जेवताना एकाने विचारलंच, "वाघ दाखवून राहिला का बे उद्या?" त्याला तेव्हाच सांगितलं, तुम्हालाही सांगतो. आज वाघ नाही. पडदा नाही, प्रोजेक्टरही नाही. फक्त बारा छापील फोटो आणलेत, ते शेवटी दाखवतो.

आपण नववीत होतो. गडचिरोली जिल्हा १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झाला, त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने आपली सहल जुनोना तलावावर गेली होती. चित्रकलेच्या सरांकडे एक साधा बॉक्स कॅमेरा होता, १२० नंबरचा रोल लागणारा. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो. सरांनी तो माझ्या गळ्यात अडकवला आणि म्हणाले, "बारा. तेरावा नाही."

मी काय केलं? तलावाचेच सात फोटो काढले. दोन बसचे, दोन मुलींच्या घोळक्याचे (का, ते विचारू नका), आणि उरलेला एक आपल्या सगळ्यांचा. पंधरा दिवसांनी प्रिंट आल्या. सर रागावले नाहीत. त्यांनी प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: "का?" तलावाच्या दुसऱ्या फोटोपासून पुढे मात्र लिहिलं होतं, "एक पुरे होता."

तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नाही. तो कळायला जवळजवळ तीस वर्षं लागली. आजचं भाषण त्या तीस वर्षांचं आहे.

नोकरी लागली, संसार झाला, मग हातात डिजिटल कॅमेरा आला. रोलचा खर्च संपला, त्याबरोबर बाराची मर्यादाही संपली. ताडोबा आपल्या घरामागचं जंगल. १९५५ साली ते राष्ट्रीय उद्यान झालं, १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. आपल्या लहानपणी तिथे डब्यात पोळी-भाजी बांधून जायचो. आता सुट्टी मिळाली की पहाटे मोहर्लीच्या गेटवर मी हजर. लांब लेन्स घेतली, तिच्यापायी घरी बोलणी खाल्ली. वाघ दिसला की बोट दाबून धरायचं, एका मिनिटात दीडशे फोटो. माझ्या हार्ड डिस्कवर वाघाचे चार हजारांवर फोटो साठले. त्यांतले बरेचसे जुनोना तलावाचेच फोटो होते, असं आता म्हणतो. एक पुरे होता.

मग ती बातमी आली. आपल्या वर्गातला, शेवटच्या बाकावरचा. नाव घेत नाही, तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या धाकट्या भावाचा संध्याकाळी फोन आला: "दादाचा एखादा चांगला फोटो आहे का तुमच्याकडे? तुम्ही तर फोटोग्राफर." मी रात्रभर शोधलं. चार हजार वाघ. त्याच्यासोबत मी बारा-पंधरा वेळा जंगलात गेलो होतो, गाडीत तो माझ्या शेजारच्या सीटवर बसायचा. त्याचा एकही फोटो नव्हता. अखेर सापडला तो जुनोन्याच्या सहलीतला बारावा फोटो. त्यात तो अगदी कडेला उभा आहे आणि फ्रेमने त्याचा अर्धा चेहरा कापलाय. आधारकार्डावरचा फोटो मोठा करून त्याच्या घरच्यांनी भिंतीवर लावला.

त्या रात्री सरांचा "का?" मला पहिल्यांदा नीट ऐकू आला. आणि मी ठरवलं, पुन्हा गृहपाठ घ्यायचा. देणारं कुणी नव्हतं, म्हणून स्वतःच स्वतःला द्यायला लागलो.

आपल्याकडे हे नवीन नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि त्याच सुमारास एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग भरायला लागला. म्हणजे मराठी मुलुखात कॅमेरा आला तेव्हापासूनच तो शाळेत शिकायचा विषय होता. शिकायचा म्हटलं की पाठ आला, सराव आला, तपासणी आली. हातात महाग वस्तू आली की आपण हे विसरतो.

माझे काही गृहपाठ सांगतो. ज्यांच्याकडे फक्त मोबाईल आहे त्यांनाही ते करता येतील.

पहिला: बारा फोटो, एक रस्ता. जटपुरा गेटपासून पठाणपुरा गेटपर्यंत पायी जायचं. गोंडराजांच्या परकोटाला चार दरवाजे आणि पाच खिडक्या आहेत हे आपण पाचवीत पाठ केलंय, पण शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत बघत कधी चाललोय? या रस्त्यावर फक्त बारा फोटो काढायचे. काढलेला पुसायचा नाही, घरी जाईपर्यंत बघायचाही नाही. पहिल्यांदा माझे बाराही फोटो गांधी चौकाच्या आधीच संपले. चौथ्या वेळी पठाणपुऱ्याला पोचलो तेव्हा तीन शिल्लक होते. या गृहपाठाने मला थांबायला शिकवलं. बोट दाबण्याआधी "का?" विचारायची सवय इथे लागली.

दुसरा: एकच मूर्ती, तीन वेळा. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठावर मार्कंडा आहे. महाशिवरात्रीच्या जत्रेला आपण सगळेच गेलोय, पण गर्दीत कोरीवकाम दिसत नाही. एकदा आडदिवशी जा. भिंतीवरची एक मूर्ती निवडा. तिचा फोटो सकाळी, भर दुपारी आणि उन्हं कलल्यावर काढा, उभं राहायची जागा न बदलता. दुपारी वरून पडणाऱ्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि दगड सपाट दिसतो. तिरप्या उन्हात त्याच दगडातून बोटं, दागिने, वस्त्राच्या चुण्या वर येतात. कॅमेरा तोच, मूर्ती तीच, बदलला फक्त उजेड. हे पुस्तकात मी दहादा वाचलं होतं. कळलं मार्कंड्याला. तेव्हापासून घरच्या माणसांचे फोटो मी दुपारी अंगणात काढत नाही, त्यांना दाराशी किंवा खिडकीशी बसवतो.

तिसरा: हलतं ते हलतं दाखवा. शटर एक तीसांश सेकंदावर ठेवायचं आणि समोरून जाणाऱ्या सायकलवाल्याच्या वेगाने कॅमेरा त्याच्यासोबत फिरवायचा. जमलं तर माणूस स्पष्ट येतो आणि मागची दुकानं पुसट रेघा होतात. माझा पहिला बरा फोटो साठाव्या प्रयत्नात आला. बाराची अट या एका गृहपाठाला लागू नाही, सर, हे आधीच कबूल करतो. हात शिकत असताना चुका मोजायच्या नसतात.

चौथा: ताडोब्यात जायचं आणि वाघाचा फोटो काढायचा नाही. हा सगळ्यांत अवघड. मित्रांनी वेड्यात काढलं. पण विचार करा. वाघाची मोजणी आता कॅमेरा ट्रॅपने होते. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावलेले असतात, कारण प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात आणि डाव्या कुशीचे उजव्या कुशीसारखे नसतात. ते काम तो कॅमेरा माझ्यापेक्षा चांगलं करतो, न झोपता करतो. शंभर वर्षांपूर्वी चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने वाघाचा पाय तारेला लागून फोटो निघेल अशी युक्ती केली होती, ती याचीच आजी. मग माझ्यासारख्या माणसाने तिथे जाऊन काय बघायचं? मी वारुळं बघितली. कोळ्याच्या जाळ्यावरचं दव बघितलं. गाडी गेल्यावर धूळ पानांवर कशी बसते ते बघितलं. आणि गाईडचा चेहरा बघितला. तो वाघ बघतच नव्हता, तो आम्हाला बघत होता, आम्हाला आनंद झाला की नाही ते.

त्याच गाईडला मी विचारलं, "घरी कोण कोण?" तो म्हणाला, "आई आहे, मोह वेचायला गेली असंल." मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाखाली वाकलेली माणसं आणि वाघ यांची गाठ पडते, ही आपल्या जिल्ह्यातली दरवर्षीची बातमी आहे. माझ्याकडे वाघाचे चार हजार फोटो होते, त्याच वाघाच्या शेजारी राहणाऱ्या माणसांचा एकही नव्हता. पुढच्या मोसमात मी पहाटे साडेपाचला मोहाच्या झाडाखाली होतो. उजेड इतका कमी की फोटो हलत होते. कॅमेऱ्याचा आयएसओ किती वाढवायचा, हात कुठे टेकवायचा, श्वास कधी धरायचा, हे सगळं तिथे शिकलो. गरजेपोटी शिकलेलं विसरत नाही.

पाचवा गृहपाठ मला एका म्हातारीने दिला. नोकरीत काही वर्षं माझं भामरागडला जाणं-येणं होतं. तिथे पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तिन्ही नद्यांचा संगम आहे. आठवडी बाजारात एक माडिया आजी टोपली घेऊन बसली होती. मी न विचारता फोटो काढला. ती काहीतरी बोलली. शेजारच्या पोराने मराठीत सांगितलं, "आजी म्हणते, मागच्या सालीबी एकानं काढला होता. तो कुठं हाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपण जंगलातल्या माणसांचे फोटो काढून आणतो, प्रदर्शनात लावतो, बक्षीस मिळवतो. ज्याचा चेहरा आहे त्याच्या हातात काय पडतं? मी प्रिंट काढून घेतली, पण तोवर पावसाळा लागला. पर्लकोटेला पूर आला की तिथला रस्ता बंद व्हायचा. प्रिंट पोचवायला चार महिने लागले. आजीने ती उलटी-सुलटी करून बघितली, टोपलीत जपून ठेवली आणि सरकून मला बाजूला बसायला जागा दिली. मग विचारून तिचा दुसरा फोटो काढला. दोन्ही फोटो माझ्याकडे आहेत. पहिल्यात ती कॅमेऱ्याकडे बघतेय. दुसऱ्यात माझ्याकडे. तेव्हापासून नियम केला: आधी विचारायचं, नाव लिहून घ्यायचं, प्रिंट परत द्यायची. जिथे परत जाणं होणार नाही, तिथे माणसाचा फोटो काढायचा नाही.

शेवटचा गृहपाठ सर्वांत सोपा वाटतो आणि आपण तोच टाळतो. आपल्या दारापासून दहा पावलं. त्या दहा पावलांत जी माणसं येतात, त्यांचा प्रत्येकी एक नीट फोटो. लग्नातला नाही, सेल्फी नाही, फेट्यातला नाही. रोजच्या कामातला. बायको हिशेबाची वही लिहिताना. वडील दाढी करताना. शेजारचे काका सायकलची चेन बसवताना. मी हा सुरू केला तेव्हा माझे वडील ब्याऐंशी वर्षांचे होते. म्हणाले, "माझा कशाला काढतो? रिकामा धंदा." तरी मान जरा ताठ केली. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांचा फोटो मात्र शोधावा लागला नाही.

मित्रहो, लोक विचारतात, कॅमेरा कोणता घ्यावा? मी म्हणतो, आहे तोच घ्या आणि स्वतःला एक अट घाला. एक रस्ता, एक तास, एक माणूस, बारा फोटो. अट घातली की डोळे उघडतात. सगळं मोकळं असलं की आपण तेच ते काढत राहतो. मी तेवीस वर्षं तेच केलं, म्हणून खात्रीने सांगतो.

आता तुमचा गृहपाठ. उद्या दुपारी आपण आपापल्या गावी निघू. काही नागपूरला, काही पुण्याला, दोघी तर परदेशात. त्याआधी प्रत्येकाने शेजारी बसलेल्या वर्गमित्राचा किंवा मैत्रिणीचा एक फोटो काढायचा. एकच. सावलीत, खिडकीकडे तोंड करून, चेहरा न कापता. महिनाभरात त्याची प्रिंट काढायची, मागे नाव आणि तारीख लिहायची आणि ज्याचा आहे त्याला टपालाने पाठवायची. ग्रुपवर टाकलेला धरला जाणार नाही. ग्रुपवरचा फोटो आठवड्यात खाली जातो आणि मग कुणाच्या भावाला रात्री शोधावा लागतो.

माझे बारा फोटो मी आणलेत. जुनोन्याचा तलाव यात एकदाच आहे. बारावा फोटो तोच जुना आहे, अर्धा चेहरा कापलेला. तो बदलता येत नाही, म्हणून तसाच ठेवलाय.

सर, आपण समोर बसला आहात. आपली नजर आता तितकीशी साथ देत नाही, असं काल म्हणालात. तरी प्रत्येक प्रिंटच्या मागे मी "का" या प्रश्नाचं उत्तर मोठ्या अक्षरांत लिहून आणलंय. बाराव्याच्या मागेही लिहिलंय. तपासून द्यावेत, ही विनंती.