मनातले चित्र आणि हातातले काम

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर केलेले भाषण)



'कल्पनाशक्तीच्या साह्याने स्वतःची प्रगती' असा विषय मला देण्यात आला आहे. तो पत्रिकेत वाचून एका बुजुर्ग गृहस्थांनी मघाशी दारातच मला गाठले. म्हणाले, "सर, पोरं आधीच दिवसभर स्वप्नं बघतात, आता तुम्ही आणखी शिकवणार काय?" शंका रास्त आहे. माझे आजचे बोलणे म्हणजे तिचेच उत्तर समजा.

मनात चित्र रंगवणे ही कोणी नव्याने शिकवण्याची गोष्ट नाही. दहावीच्या परीक्षेआधी रात्री झोप न येणाऱ्या मुलाला विचारा, तो काय करीत असतो? प्रश्नपत्रिका हातात आली आहे, एकही प्रश्न येत नाही, अम्मीचा चेहरा उतरला आहे, मोहल्ल्यात कुजबुज चालू आहे, हे सारे तो डोळे मिटून स्पष्ट पाहत असतो. त्याचे हातपाय खरोखर गार पडतात. परीक्षा अजून आठवडाभर दूर असते, पण शरीराने ती देऊन टाकलेली असते.

मनाची ही ताकद आपल्याच एका थोर हकिमाने हजार वर्षांपूर्वी ओळखली होती. इब्न सीना (९८०-१०३७) यांनी आपल्या ग्रंथात फळीचे उदाहरण दिले आहे. जमिनीवर ठेवलेल्या फळीवरून माणूस सहज चालत जातो. तीच फळी खोल जागेवर पुलासारखी टाकली की त्याचा पाय लटपटतो. फळी तीच, पाय तेच. पण पडण्याचे चित्र मनात इतके ठसते की शरीर त्याचाच हुकूम मानू लागते. पावसाळ्यात भरलेल्या पऱ्यावरचा साकव ज्यांनी ओलांडला आहे त्या कोकणातल्या मंडळींना हे वेगळे समजावून सांगायला नको.

भीतीचे चित्र जर पाय अडवते, तर चांगले चित्र पाय पुढे टाकायला लावील काय? लावते, पण कोणते चित्र, हे पाहावे लागते. इथेच पुष्कळांची फसगत होते.

या विषयावर अमेरिकेत शक्ती गवेन या बाईंचे एक पुस्तक १९७८ साली निघाले आणि जगभर गाजले. 'जे मनात पाहाल ते तुमच्याकडे ओढले जाईल' अशा धर्तीचा विचार तेव्हापासून फार पसरला आहे. आता तर मोबाईलवर रोज कोणी ना कोणी तो सांगत असतो. मला तो पटत नाही. देणारा अल्लाह आहे. आपल्या डोक्यातले चित्र काही देत नसते. आणि धर्माची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली, तरी अनुभवही तसे सांगत नाही.

माझा एक विद्यार्थी होता. हुशार, पण गणितात कच्चा. वडील जहाजावर. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. अशाच एका समारंभात पहिल्या आलेल्या मुलाचा सत्कार त्याने पाहिला आणि ते दृश्य त्याच्या मनात घर करून बसले. रोज रात्री तो स्वतःला व्यासपीठावर पाही: गळ्यात हार, टाळ्या, पहिल्या रांगेत रजेवर आलेले अब्बा. भाषणसुद्धा तयार होते. निकाल लागला तेव्हा गणितात नापास. घरी कोणाशी बोलेना, म्हणून त्याच्या अम्मीने मला बोलावून घेतले. त्याच्या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणे वापरून मळली होती आणि पुढची पाने कोरी करकरीत होती. मुलगा म्हणाला, "सर, मला वाटायचं की माझं होणारच आहे." रोज रात्री सत्कार झाल्यावर सकाळी उठून गणित कोण सोडवील? त्याच्या मनाला बक्षीस आधीच मिळून चुकले होते.

ही एकट्या त्याची गोष्ट नाही. लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात फॅम आणि टेलर या दोघांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. परीक्षेच्या आधीचे काही दिवस एका गटाने रोज पाच मिनिटे उत्तम गुण मिळाल्याचे दृश्य मनात आणायचे, दुसऱ्या गटाने आपण अभ्यास कसा, कुठे, केव्हा करतो आहोत ते पाहायचे. अभ्यासाचे दृश्य पाहणारे लवकर कामाला लागले आणि त्यांना गुणही अधिक मिळाले. नुसता निकाल पाहणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. जर्मनीत गाब्रिएले ओटिंगेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी नोकरी शोधणाऱ्या पदवीधरांची दोन वर्षांनी पुन्हा चौकशी केली. मनासारख्या नोकरीची गोड स्वप्ने ज्यांनी जास्त रंगवली होती त्यांनी अर्जच कमी केले होते आणि त्यांचा पगारही कमी होता. उलट, 'आपल्याला जमेल' असा भरवसा ज्यांना होता ते पुढे गेले होते. उमेद आणि स्वप्नरंजन यांत हा एवढा फरक आहे.

म्हणून माझे सांगणे असे की व्यासपीठ पाहू नका, पाट पाहा. ज्या पाटावर, ज्या खुर्चीवर तुम्ही उद्या बसणार आहात, ती जागा पाहा.

आपल्या मदरशातली हिफ्ज करणारी मुले हे न शिकवता करतात. ती शेवटपर्यंत एकाच छपाईचा मुसहफ वापरतात. का? तर आयत उजव्या पानावर की डाव्या, वर की खाली, कोणत्या ओळीला सुरू होते, हे पानच त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. दुसऱ्या छापाची प्रत दिली तर गोंधळतात. भूगोलाचा नकाशा आणि विज्ञानाची आकृती याच रीतीने पाठ होते. पुस्तक मिटा, आकृती मनात काढा, मग कागदावर काढा, मग पुस्तक उघडून ताडून पाहा.

चित्रात अडचणही हवी, हे विसरू नका. अमेरिकन जलतरणपटू मायकेल फेल्प्स याला त्याच्या प्रशिक्षकाने रोज झोपताना आणि उठल्यावर पूर्ण शर्यत मनात पोहायला सांगितली होती, आणि तीत काही बिघडले तर काय करायचे तेही. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये २०० मीटर बटरफ्लायच्या अंतिम शर्यतीत त्याच्या चष्म्यात पाणी शिरले. शेवटी शेवटी त्याला भिंत दिसेना. तो हात मोजत पोहत राहिला आणि जागतिक विक्रमासह सुवर्णपदक घेऊन वर आला. अर्थात, त्यामागे वर्षानुवर्षांचे पोहणे होते. नुसते डोळे मिटून कोणी पोहायला शिकलेला नाही.

आता तुम्ही काय करायचे? इशाची नमाज झाल्यावर पाच मिनिटे शांत बसा. उद्याचा एकच तास निवडा. फजरनंतर पडवीत बसणार, बीजगणिताची वही उघडणार, अमुक उदाहरणापासून सुरुवात. मग त्या तासाला काय आडवे येणार तेही पाहा: धाकटा भाऊ पेन्सिल मागणार, वीज जाणार, मोबाईल वाजणार, तिसरे उदाहरण सुटणार नाही. प्रत्येकाचे उत्तर आधीच ठरवा. मोबाईल अम्मीच्या कपाटात राहील. उदाहरण सुटले नाही तर खूण करून पुढे जाईन, शाळेत सरांना विचारीन. हे दोन ओळींत वहीत लिहा, इन्शाअल्लाह म्हणा आणि झोपा. उंट बांधून मग तवक्कुल करावे, ही शिकवण आपल्या घरी आहेच. ही पाच मिनिटे म्हणजे दोरी शोधून ठेवणे.

आमचा तो गणिताचा विद्यार्थी असाच बसला. त्या काळी ऑक्टोबरमध्ये परीक्षा होत असे. तो पास झाला. पहिला नाही, साध्या गुणांनी. आज स्वतः पोरांना गणित शिकवतो.

पालकांशी दोन शब्द. आखातातून आठवड्याला फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "किती टक्के पडतील?" वडिलांचा जीव तिथे तुटत असतो, मी जाणतो. पण या प्रश्नाने मुलासमोर निकालाचेच चित्र उभे राहते, आणि बहुधा भीतीचे. त्याऐवजी "आज काय वाचलंस, कुठं अडलं?" असे विचारून पाहा. अम्मींनी आपल्या घरातला निवांत तास कोणता आहे तो शोधावा, आणि तो मुलीलाही मिळावा. मुलगा पुस्तक घेऊन बसला की आपण दार लोटून घेतो. मुलगी बसली की पाणी मागतो.

आणखी एक. जे कधी पाहिलेच नाही त्याचे चित्र मनात कसे यावे? न्यायालयात काळा कोट घातलेली बाई, प्रयोगशाळा, तालुक्याच्या कचेरीतला अधिकारी, महाविद्यालयाचे ग्रंथालय आमच्या किती मुलींनी जवळून पाहिले आहे? लग्नाला मुंबईला नेता तेव्हा एक दिवस काढून हेही दाखवा. डॉक्टर आणि इंजिनिअर ही दोनच चित्रे घरात टांगलेली असतील तर मूल तिसरे कुठून आणणार?

शेवटी अध्यक्षसाहेबांना एक विनंती आहे. हजला जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे प्रशिक्षण शिबिरे होतात. काबाशरीफची प्रतिकृती ठेवून तवाफ करून दाखवतात. तिथे पोहोचल्यावर माणूस बावचळू नये हाच त्यामागचा हेतू. त्याच धर्तीवर, बोर्डाच्या परीक्षेआधी एका रविवारी संस्थेचे सभागृह दहावीच्या मुला-मुलींसाठी उघडावे. बाक मांडावेत, त्यांवर क्रमांक घालावेत, हॉलतिकीट तपासावे, अकराला घंटा द्यावी, सीलबंद पाकीट त्यांच्यासमोर फोडावे आणि पूर्ण वेळ पेपर लिहून घ्यावा. बाक हलवायला आणि पर्यवेक्षणाला मी स्वतः येईन. माझ्याबरोबर ज्यांना यायचे असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर चिटणीससाहेबांकडे नाव द्यावे.