ओला दाणा वर ठेवा

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मदीनेच्या बाजारातील एक प्रसंग आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकला असेल. हजरत पैगंबरांनी (स.) धान्याच्या एका ढिगात हात घातला, तो बोटांना ओल लागली. विचारल्यावर व्यापारी म्हणाला की धान्य पावसात भिजले. तेव्हा पैगंबरांनी विचारले की, मग ओला दाणा वर का ठेवला नाहीस, म्हणजे लोकांना दिसला असता? आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही, असेही बजावले.

त्या व्यापाऱ्याने खोटे बोलल्याचा उल्लेख या हदीसमध्ये नाही. त्याने फक्त ओला दाणा खाली राहू दिला. फसवणूक ही नेहमी खोटे बोलूनच होते असे नाही. गिऱ्हाइकाला जे कळायला हवे ते झाकूनही ती होते. आज मोठ्या खाद्यकंपन्यांच्या व्यापाराकडे पाहताना हीच कसोटी लावावी, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी तान्ह्या मुलांच्या दुधाच्या पावडरचे उदाहरण घेऊ.

पावडर स्वतः वाईट नाही. ज्या बाळाला काही कारणाने आईचे दूध मिळू शकत नाही, त्याला ती डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावीच लागते. पण ती सुरक्षित राहण्यासाठी स्वच्छ उकळलेले पाणी, निर्जंतुक बाटली, योग्य माप आणि महिनोन्‌महिने डबे घेण्याइतका पैसा लागतो. गरीब देशांतील जाहिरातींत गुबगुबीत बाळ वर दिसले. ही अट मात्र ढिगाच्या तळाशी राहिली. काही कंपन्यांच्या विक्रेत्या स्त्रिया परिचारिकेसारखा पोशाख करून बाळंतिणींना भेटत आणि फुकट नमुने देत. बाळ अंगावर कमी पिऊ लागले की आईचे दूध आटत जाते. फुकटचा डबा संपेपर्यंत परतीची वाट अवघड झालेली असते. मग महागडी पावडर पुरवून वापरण्यासाठी तीत पाणी वाढवले जाते, आणि तेही बहुधा अशुद्ध. त्यातून जुलाब, कुपोषण आणि मृत्यू.

डॉ. सिसिली विल्यम्स यांनी 1939 मध्येच सिंगापूर येथील भाषणात या प्रकाराला हत्येची उपमा दिली होती. 1974 मध्ये इंग्लंडमधील एका संस्थेने यावर पुस्तिका काढली. तिच्या जर्मन आवृत्तीच्या शीर्षकावरून नेस्ले कंपनीने स्वित्झर्लंडमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला. 1976 मध्ये कंपनीच्या बाजूने निकाल लागला, प्रकाशकांना किरकोळ दंड झाला. परंतु कंपनीने आपल्या जाहिरातीच्या पद्धतीचा फेरविचार करावा, असेही न्यायाधीशांनी सुनावले. 1977 मध्ये अमेरिकेत सामान्य नागरिकांनी नेस्लेच्या मालावर बहिष्कार सुरू केला. 1981 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य परिषदेने अशा विक्रीसाठी आचारसंहिता मंजूर केली. बाजूने 118 मते पडली, विरोधात एकच, अमेरिकेचे.

आपल्या देशाने 1992 मध्ये याबाबत कायदा केला आणि 2003 मध्ये तो अधिक कडक केला. दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठीच्या अशा दुधाची व आहाराची जाहिरात करणे, आईला फुकट नमुने देणे, डॉक्टर-परिचारिकांना भेटी देणे यांस त्याने बंदी आहे. दुधाच्या डब्यावर बाळाचे चित्र छापता येत नाही. आईचे दूध सर्वोत्तम, ही सूचना मात्र छापावीच लागते. म्हणजे कायद्याने ओला दाणा वर आणून ठेवला.

पण प्रश्न संपला नाही. 2024 च्या एप्रिलमध्ये एका स्विस संस्थेने दाखवून दिले की भारतात विकल्या जाणाऱ्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यामागे सरासरी सुमारे 3 ग्रॅम वरची साखर होती. स्वित्झर्लंडमधील तशाच मालात ती नव्हती. भारतातील साखर आपण आधीच कमी करत आलो आहोत, असे कंपनीने सांगितले आणि पुढे त्याच वर्षी परिष्कृत साखर नसलेले प्रकार आणण्याचे जाहीर केले. चांगलेच झाले. तरीही मनात येतेच : तिथल्या आईला एक न्याय आणि इथल्या आईला दुसरा का?

कुरआन शरीफच्या सूरह बकरामध्ये (आयत 233) बाळाला पूर्ण दोन वर्षे अंगावर पाजण्याचा उल्लेख आहे. आजचे वैद्यकशास्त्रही पहिले 6 महिने केवळ आईचे दूध आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षे किंवा अधिक काळ ते द्यावे, असेच सांगते. पण हा उपदेश एकट्या आईच्या माथी मारू नका. तिला सकस जेवण, विश्रांती आणि घरच्यांचा आधार मिळाला पाहिजे. ती जबाबदारी बापाची आहे, सासू-सासऱ्यांचीही आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या आई-आजींना डब्यावरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत. तुम्हाला येतात. आज घरी गेल्यावर फडताळातला एक तरी डबा किंवा बिस्किटाचा पुडा हातात घ्या. त्यात काय काय आहे, साखर किती आहे, ते आईला मोठ्याने वाचून दाखवा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी दुकान टाकील, कोणी कंपनीत विक्रेता होईल. तेव्हा तराजू तुमच्या हाती असेल. त्या दिवशी ओला दाणा वर ठेवायला विसरू नका. शाळेत शिकल्याचे सार्थक त्यातच आहे.

खुदा हाफिज.