रौप्य महोत्सवात एका रौप्यपदकाची गोष्ट

(रौप्य महोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासदाने केलेले भाषण)



संस्थेच्या जुन्या आठवणी सांगा, असं सचिवांनी मला सुचवलं होतं. त्या सांगणारे इथे बरेच आहेत. मी एका रौप्यपदकाबद्दल बोलतो, कारण ते मिळालं तेव्हा मी मैदानात बसलो होतो.

2022 साली आम्ही दोघं मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो. बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धा चालू होत्या. जावईबापूंनी 6 ऑगस्टची अलेक्झांडर स्टेडियमची तिकिटं काढली. त्या दिवशी अविनाश साबळेची तीन हजार मीटर स्टीपलचेस होती. या शर्यतीत अठ्ठावीस वेळा तीन फूट उंच अडथळा आणि सात वेळा पाणी ओलांडावं लागतं. अडथळा इतका भक्कम, की पाय लागला तर तो पडत नाही, माणूस पडतो!

1998 पासून सलग सहा राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. आमच्या मागच्या रांगेत केनियाचीच मंडळी होती, झेंडे घेऊन, अगदी निश्चिंत. शेवटच्या फेरीत अविनाश पुढच्याच्या पाठीला लागला, तशी तीही उभी राहिली. टीव्हीवर फक्त धावणारा दिसतो. तिथे पाण्यात पडणारा पाय ऐकू येतो, हजारो माणसांचा श्वास अडकलेला जाणवतो. अब्राहम किबिवोट 8 मिनिटं 11.15 सेकंदांत पोचला, अविनाश 8 मिनिटं 11.20 सेकंदांत. सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने सुवर्ण हुकलं, पण राष्ट्रीय विक्रम झाला. मागच्या केनियन आजोबांनी माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. जणू मीच धावलो होतो!

हा अविनाश बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला, मांडव्याचा, शेतकऱ्याचा मुलगा. गाडीची सोय नव्हती, म्हणून शाळेला कित्येक किलोमीटर पायी, पळत जायचा. पुढे सैन्यात गेला, सियाचीनला राहिला. शर्यतीचं धावणं त्यानंतरचं.

आता त्या स्टेडियमबद्दल. तिथे बर्चफील्ड हॅरियर्स नावाचा क्लब आहे, 1877 पासूनचा. म्हणजे मोठ्या स्पर्धेचे पाहुणे गेले, की त्याच ट्रॅकवर गावातली पोरं धावतात. मला पदकाइतकंच ते आवडलं. जागा राखली, तर पिढ्यान्‌पिढ्या धावतात.

म्हणून मंडळी, थोडं स्पष्ट बोलतो. आपल्या ओपन स्पेसवर पार्किंगचं शेड टाकायचा विषय पुढच्या आमसभेत येणार आहे. गाड्या वाढल्या, उन्हात तापतात, हे खरं आहे. माझीही तापते. पण संध्याकाळी तिथे पंधरा-वीस पोट्टे धावतात, त्यांना दुसरी जागा कुठली? नेहरू स्टेडियमला सात-आठ वर्षांचं लेकरू एकटं कसं जाणार? शेड रस्त्याच्या बाजूने, कमी जागेत बसतं का, ते आधी मोजून पाहू. मगच हात वर करू.

आणि 26 जानेवारीला मुलांच्या शर्यती ठेवू. आपण खुर्च्या टाकून बघायला बसू. धावणाऱ्याला बघणारा लागतो. त्यासाठी बर्मिंगहॅमचं तिकीट लागत नाही.