मधल्या शाळेचें भवितव्य



इंग्लंडांतील 'मिडल स्कूल' ही संस्था आपल्याकडे फारशी परिचित नाहीं. आठव्या-नवव्या वर्षापर्यंत पहिली शाळा, बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत मधली आणि पुढें वरची, अशी ही तीन पायऱ्यांची रचना. वेस्ट रायडिंग परगण्याचे शिक्षणाधिकारी ॲलेक क्लेग यांनीं ती १९६३ सालीं पुढें मांडली. १९६४ च्या कायद्यानें तिची वाट मोकळी केली आणि १९६८ मध्यें पहिल्या मधल्या शाळा उघडल्या. अकराव्या वर्षीं परीक्षा घेऊन मुलांची वांटणी करण्याची रीत मोडावयाची, तर सर्वांना सामावणाऱ्या मोठ्या शाळा हव्या होत्या आणि तेवढ्या मोठ्या इमारती ठिकठिकाणीं नव्हत्या. मधली शाळा काढली म्हणजे जुन्याच इमारतींत नवी व्यवस्था बसे. १९६७ मध्यें प्लाउडेन समितीनें तिला शैक्षणिक आधारही दिला.

१९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अशा शाळा चौदाशेंच्या घरांत होत्या. आतां त्या शंभराच्या आसपास आहेत. जन्मसंख्या घटली, वर्ग रिकामे पडले. १९८८ च्या कायद्यानें आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाचा एक टप्पा अकराव्या वर्षीं संपूं लागला. मग एकेका स्थानिक कौन्सिलपुढें ठराव आले. आइल ऑफ वाइट बेटावरील मधल्या शाळा २०११ पर्यंत बंद झाल्या. शाळा दोनदां बदलल्यानें अभ्यास तुटतो, हा ठरावकर्त्यांचा मुद्दा खोटा नव्हे. परंतु शाळा काढतांना आणि मोडतांना, दोन्ही वेळां भारी वजन पडलें तें इमारतींचें व रिकाम्या बांकांचें, हेंही नाकारतां येत नाहीं.

हा प्रश्न परका नाहीं. महाराष्ट्रांत चौथीनंतर व पुन्हां सातवीनंतर शाळा बदलण्याची वहिवाट जुनी आहे. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें पांचवीपर्यंत एक आणि सहावी ते आठवी दुसरा, असे टप्पे मानले. त्यामुळें पांचवी व आठवीचे वर्ग कोणत्या शाळेला जोडावयाचे, हें जिल्हा परिषदा व नगरपालिका यांना ठरवावें लागलें. कागदावर ही एका वर्गाची हलवाहलव. पण आठवीसाठीं दुसऱ्या गांवीं जावें लागल्यास एखाद्या मुलीचें शिक्षण सातवीलाच संपण्याचें भय असतें.

म्हणून असा ठराव आपल्या नगरांत आला, तर निवडून दिलेल्या सभासदाला दोन प्रश्न अवश्य विचारावे: या बदलानें किती रुपये वांचतील, आणि किती मुलें वाटेंत गळतील? पहिल्याचें उत्तर त्याच्याजवळ तयार असेल. दुसऱ्याचें मिळेपर्यंत मत देण्याची घाई त्यानें करूं नये.